टिबुकलीची तीन अंडी

त्या दिवशी आभाळ निळं होतं. धुऊन वाळत घातल्यासारखं. पाऊस जाऊन महिना झाला होता. ऊन छान ऊबदार होतं. आणि वारा? वारा मात्र खोडकर होता. तळ्यावर यायचा. फूऽऽ करायचा. आणि पळून जायचा.

त्या तळ्यात एक टिबुकली राहायची. टिबुकली ठाऊक आहे ना? पाण्यावरचा छोटासा पक्षी. लाडवासारखा गोल. शेपटी जवळजवळ नाहीच. आत्ता दिसते, डुबुक, आत्ता नाही. इथं बुडते, तिथं निघते.

तिचं नाव टिबू.

टिबूचं घरटं पाण्यावरच होतं. पाण्यावर तरंगायचं. ओल्या काड्या, कुजकी पानं, थोडं शेवाळ. नुसता ढीग. पण टिबूला वाटायचं, असं घर साऱ्या तळ्यात दुसरं नाही. आणि त्या घरट्यात होती अंडी. एक. दोन. तीन.

तरंगणारं घर बांधून ठेवावं लागतं. नाहीतर वारा नेतो. शेजारी पाणकोंबडी काकू राहायच्या. त्यांनी टिबूला आधीच सांगितलं होतं, बाई, लव्हाळ्याला बांध. लव्हाळ्याचे पाय चिखलात असतात. ते जागचं हलत नाही.

पण टिबूला लव्हाळं आवडलं नाही. बारीक नि टोचरं. तिला आवडली जलपर्णी. हिरवीगार, गुबगुबीत, वर जांभळी फुलं. टिबूनं आपलं घर जलपर्णीला बांधलं. वर काकूंना म्हणाली, “माझं मला कळतं, काकू.” काकूंनी मान हलवली आणि त्या आपल्या कामाला गेल्या.

आता गंमत अशी, की जलपर्णीचे पाय चिखलात नसतातच. ती पाण्यावर मोकळी. वारा नेईल तिकडं जाते.

दुपारी टिबूला भूक लागली. टिबुकल्यांची एक रीत आहे. बाहेर जाताना अंडी उघडी टाकायची नाहीत. टिबूनं चोचीनं ओली पानं ओढली. तिन्ही अंड्यांवर पांघरली. इकडून खोचली, तिकडून खोचली. मग डुबुक. गेली मासोळी धरायला.

तेवढ्यात वारा आला. फूऽऽ.

जलपर्णी निघाली. तिच्याबरोबर घरटं निघालं. इकडची जलपर्णी आली, तिकडची जलपर्णी आली, सगळी एकमेकींना चिकटली. दाट. गच्च. आणि वारा गेला पळून.

टिबू वर आली. बघते तर काय, जिकडं तिकडं हिरवंच हिरवं. तिचं घरटं लांब तिकडं मधोमध. ती इकडं काठाशी. मधे वाटच नाही.

टिबूनं बुडी मारली. खालून जाऊ म्हणाली. खाली मुळ्याच मुळ्या. काळोख. डोकं वर काढायला जागा नाही. टक्. आपटलं डोकं. आली परत.

उडून जाऊ म्हणाली. पण टिबुकलीला उडायचं तर आधी पाण्यावर पळावं लागतं. आणि काठाशी पाणी उरलं होतं घागरभर. पळणार कुठं?

अंड्यांवर ऊन होतं. ऊन होतं तोवर अंडी ऊबदार होती. पण सूर्य मावळला की? मग अंडी गार पडणार. गार अंड्यातून पिल्लू कसं येणार?

तळ्याच्या काठी एक सिंदीचं झाड होतं. सूर्य होता सिंदीच्या डोक्यावर.

काकूंना हाक मारावी का? टिबूनं चोच उघडली. मग मिटली. तिला लाज वाटली. काकू म्हणतील, सांगितलं होतं ना? टिबूनं हाक मारली नाही.

ती जलपर्णीलाच म्हणाली,

“जलपर्णीबाई, जलपर्णीबाई, सरक की जरा. माझी तीन अंडी एकटी.”

जलपर्णी हसली. म्हणाली, “आपण होऊन सरकायची आमच्यात रीत नाही. आम्ही पसरतो. आज एक पान, उद्या दोन. जो पसरेल त्याचं तळं. तू आधी म्हशीला सांग. म्हैस पाण्यात येईल, मग मी सरकेन.”

टिबू काठावर चढली.

आता टिबुकलीचे पाय असतात पार मागं. शेपटीच्या जागी. पाण्यात झकास. जमिनीवर पंचाईत. चार पावलं टाकली की तोंडावर पडते.

फतक फतक, फतक फतक, धप्प.
पडली. उठली. चालली.

म्हैस बाभळीखाली होती. बाभळीच्या बुंध्याला अंग घासत होती. खसर खसर. खसर खसर. सालपटं निघत होती, पण खाज जात नव्हती.

टिबू म्हणाली,
“म्हैसबाई, म्हैसबाई, पाण्यात चल.”

“का गं? काय झालं?”

“जलपर्णी सरकेना,
वाट काही मिळेना,
माझी तीन अंडी एकटी.”

म्हशीला वाईट वाटलं. डोळे तिचे मोठे मोठे, आणखी मोठे झाले. पण पाठीवर गोचीड बसले होते. कानामागं गोचीड, पोटाखाली गोचीड. चावून चावून जीव नकोसा केला होता. म्हैस म्हणाली, खाजवणं सोडून मी एक पाऊल टाकायची नाही.

“आधी बगळ्याला सांग. बगळा गोचीड टिपेल, मग मी पाण्यात येईन.”

फतक फतक, फतक फतक, धप्प.
पडली. उठली. चालली.

बगळा गवतात उभा होता. एका पायावर. मान लांब, डोळा बारीक. हलत नव्हता, बोलत नव्हता.

टिबू म्हणाली,
“बगळोबा, बगळोबा, गोचीड टिप.”

“शूऽऽ. हळू बोल. काय झालं?”

टिबू हळूच म्हणाली,

“म्हैस पाण्यात येईना,
जलपर्णी सरकेना,
वाट काही मिळेना,
माझी तीन अंडी एकटी.”

बगळा तिच्या कानाशी वाकला. कुजबुजला. म्हणाला, त्या तिथं एक नाकतोडा बसलाय. सकाळपासून बघतोय मी. गवत हिरवं, नाकतोडाही हिरवा. दिसतो नि हरवतो. तो उडाल्याशिवाय मी हलणार नाही. गोचीड काय, उद्याही मिळतील.

“आधी नाकतोड्याला सांग. नाकतोडा उडेल, मग मी गोचीड टिपीन.”

सूर्य आला सिंदीच्या खांद्यावर.

तळ्याकडून आवाज आला. कुर्रक. टिबूनं ऐकला. काकूंचा आवाज तो. पण टिबूनं मागं वळून पाहिलं नाही. कसं पाहणार? लाज वाटत होती ना.

फतक फतक, फतक फतक, धप्प.
पडली. उठली. चालली.

गवताचं एक पातं वाकलं होतं. त्या पात्यावर नाकतोडा बसला होता. झुलत होता. झुईं वर, झुईं खाली. झोकाच केला होता त्यानं पात्याचा.

टिबू म्हणाली,
“नाकतोडेभाऊ, नाकतोडेभाऊ, जरा उड.”

“का बरं? काय झालं?”

“बगळा गोचीड टिपेना,
म्हैस पाण्यात येईना,
जलपर्णी सरकेना,
वाट काही मिळेना,
माझी तीन अंडी एकटी.”

नाकतोड्यानं झोका थांबवला. टिबूकडं नीट पाहिलं.

“मी उडालो की बगळा मला धरणार. तुझी अंडी तीन आहेत. माझा जीव एकच आहे.”

टिबूनं मान हलवली. खरंच होतं ते.

मग नाकतोडाच म्हणाला, पातं वाकलंय म्हणून मी बसलोय. पातं उभं राहिलं तर बसू कुठं? उडावंच लागेल मग. आणि अशी अचानक उडी मारली तर कदाचित बगळ्यालाही कळणार नाही.

“आधी गवताला सांग. गवत ताठ होईल, मग मी उडेन.”

टिबूला फार लांब जावं लागलं नाही. गवत तिथंच होतं. पण तेवढ्यातही,

फतक फतक, धप्प.
पडली. उठली.

गवत बिचारं मलूल पडलं होतं. माना खाली. पाती लुळी.

टिबू म्हणाली,
“गवता, गवता, ताठ हो.”

“का गं? काय झालं?” गवताचा आवाज एवढासा.

“नाकतोडा उडेना,
बगळा गोचीड टिपेना,
म्हैस पाण्यात येईना,
जलपर्णी सरकेना,
वाट काही मिळेना,
माझी तीन अंडी एकटी.”

गवत म्हणालं, आम्हाला काय लोळायची हौस आहे? पाणीच मिळत नाही. पाऊस गेला आणि माती झाली घट्ट. मुळं पुढं सरकत नाहीत. मातीत दार नाही, खिडकी नाही.

“आधी गांडुळाला सांग. गांडूळ माती पोखरेल, मग मी ताठ होईन.”

सूर्य आला सिंदीच्या कमरेला.

गांडूळ कुठं असतं? मातीच्या आत. टिबूनं जमिनीला कान लावला. आतून आवाज येत होता. घुर्र... फुस्. घुर्र... फुस्. गांडूळ झोपलं होतं. वेटोळं करून, एका ढेकळात.

टिबूनं चोचीनं दार वाजवलं. टक टक.

“गांडूळदादा, गांडूळदादा, माती पोखर.”

“कोण आहे? काय झालं?”

“गवत ताठ होईना,
नाकतोडा उडेना,
बगळा गोचीड टिपेना,
म्हैस पाण्यात येईना,
जलपर्णी सरकेना,
वाट काही मिळेना,
माझी तीन अंडी एकटी.”

गांडुळानं मोठी जांभई दिली. मातीतच दिली, म्हणून ती दिसली नाही. म्हणालं, कोरड्या मातीत माझं अंग सोलून निघतं गं. ओल असली की मी वाट्टेल तिथं जातो. ओल नसली की निजतो. पूर्वी तळ्याच्या बांधातून ओल यायची. बांधात खेकड्याचं बीळ आहे. त्यातून पाणी झिरपायचं, थेंब थेंब. आता येत नाही. का येत नाही, ते त्यालाच विचार.

“आधी खेकड्याला सांग. खेकडा ओल देईल, मग मी माती पोखरेन.”

तळ्याकडून पुन्हा आवाज आला. कुर्रक. कुर्रक. या वेळी मोठा. टिबू थांबली. मान अर्धी वळवली. मग तशीच पुढं निघाली.

फतक फतक, फतक फतक, धप्प.
फतक फतक, फतक फतक, धप्प.
दोनदा पडली. दोनदा उठली. चालली.

बांधावर खेकडा बसला होता. नांग्या वर करून. चेहरा असा, की सगळ्या जगाशी भांडण आहे.

टिबू म्हणाली,
“खेकडेराव, खेकडेराव, ओल द्या.”

“कशाला? काय झालं?”

“गांडूळ माती पोखरेना,
गवत ताठ होईना,
नाकतोडा उडेना,
बगळा गोचीड टिपेना,
म्हैस पाण्यात येईना,
जलपर्णी सरकेना,
वाट काही मिळेना,
माझी तीन अंडी एकटी.”

खेकडा तिरका तिरका चालत आला. टिबूभोवती एक फेरी मारली.

“तुझी अंडी, होय? आणि माझी पोरं? माझ्या दारापाशी येऊन माझ्या पोरांना चोच मारतेस, ती तूच ना?”

टिबूनं मान खाली घातली. मारत होती खरी. भूक लागली की मारत होती.

“तुमच्या दारापाशी आता नाही मारणार,” ती म्हणाली.

खेकड्यानं एक नांगी खाली केली. एक वरच ठेवली. मग सांगू लागला. त्याच्या बिळाला दोन दारं. एक वर, बांधावर. एक खाली, पाण्यात. खालच्या दारातून पाणी आत यायचं, तेच पुढं झिरपायचं. पण जलपर्णीच्या मुळ्यांचा एक गठ्ठा आला आणि खालच्या दारात बूच बसलं. आता पाणी नाही, ओल नाही. पोरांना पाण्यात जायला वाटही नाही.

“आधी माझं दार उघडेल, मग मी ओल देईन. पण उघडणार कोण? म्हैस डुंबते, पण बुडी मारत नाही. बगळा पाय भिजवतो, पण डोकं भिजवत नाही. मी आतून ढकलून ढकलून थकलो.”

एवढं बोलून खेकडा बिळाच्या तोंडाशी जाऊन बसला.

सूर्य आला सिंदीच्या गुडघ्यावर.

टिबू बांधावर बसली. चालून चालून पाय दुखले होते. पडून पडून छाती दुखली होती. आता पुढं कुणाकडं जायचं? कुणीच उरलं नव्हतं. ती आपल्याशीच म्हणाली, हळू हळू म्हणाली,

“खेकडा ओल देईना,
गांडूळ माती पोखरेना,
गवत ताठ होईना,
नाकतोडा उडेना,
बगळा गोचीड टिपेना,
म्हैस पाण्यात येईना,
जलपर्णी सरकेना,
वाट काही मिळेना,
माझी तीन अंडी एकटी.”

म्हणता म्हणता तिचं लक्ष आपल्या पायांकडं गेलं. केवढे मागं होते ते पाय. जमिनीवर कामाचे नाहीत. पण पाण्यात?

म्हैस बुडी मारत नाही. बगळा बुडी मारत नाही. नाकतोडा नाही. गांडूळ नाही.

बुडी कोण मारतं?

सांगा बरं तुम्ही. कोण मारतं?

“खेकडेराव,” टिबू म्हणाली, “बुडी तर मी मारते की.”

आणि बांधावरून तिनं उडी घेतली. डुबुक.

खाली गेली. दार सापडलं. मुळ्यांचा गठ्ठा चोचीत धरला. पहिल्या अंड्यासाठी ओढला. हलला नाही. वर आली. श्वास घेतला.

डुबुक. दुसऱ्या अंड्यासाठी ओढला. हलला, पण निघाला नाही. वर आली. श्वास घेतला.

डुबुक. तिसऱ्या अंड्यासाठी ओढला. पाय मारले, मागच्या मागं मारले, सगळं बळ लावून मारले. आणि,

भस्सकन.

निघालं बूच. खेकड्याचं दार उघडलं. आत शिरलं पाणी. गुडूगुडू गुडूगुडू. मागून बाहेर आली खेकड्याची पोरं. एवढी एवढीशी, चिंचोक्याएवढी. टिबूच्या चोचीसमोरून गेली. टिबूनं चोच घट्ट मिटली.

खेकड्यानं पाहिलं. मग दुसरी नांगीही खाली केली.

खेकड्यानं ओल दिली. थेंब थेंब, टिप टिप, बांधातून झिरपली.

ओल गेली गांडुळाच्या अंगणात. गांडुळाचं एक डोकं वळवळलं. की शेपूट? गांडुळाचं काही कळत नाही. सळसळ सळसळ, इकडून शिरलं, तिकडून निघालं. गांडुळानं माती पोखरली.

माती झाली भुसभुशीत. पाणी गेलं मुळाशी. गवत प्यायलं. गट गट गट. मान उचलली, कंबर उचलली. गवत ताठ झालं.

नाकतोड्याचा झोका? गेला. पातं सटकन वर. नाकतोडा टणकन वर. नाकतोडा उडाला.

आणि बसला कुठं? थेट म्हशीच्या पाठीवर. बगळा त्याच्यामागं, फडफड फडफड. चोच मारली, टक्. पण नाकतोडा तिथं होताच कुठं? तो गेला पलीकडच्या गवतात. हिरव्यात हिरवा. दिसला नि हरवला.

बगळा म्हशीच्या पाठीवर उभा. चोच रिकामी. खाली बघतो तर गोचीड. टपोरे, गोल, रांगेनं बसलेले. बगळ्याला वाटलं, अरेच्चा, हे बरं आहे. टिप टिप, टिप टिप. पाठीवरचे, कानामागचे, पोटाखालचे. बगळ्यानं गोचीड टिपले.

म्हशीनं डोळे मिटले. हुश्श केलं. खाज गेली. आता तिला आठवलं पाणी. म्हैस निघाली डुलत डुलत. बगळा पाठीवरच. आणि धब्बाक. म्हैस पाण्यात आली.

पाण्याला लाट आली. जलपर्णी हलली. इकडची इकडं गेली, तिकडची तिकडं. चर्र, सर्र, फर्र. जलपर्णी सरकली. कुरकुर करत सरकली, पण सरकली. तळ्याच्या एका कोपऱ्यात जाऊन बसली.

मधे वाट झाली. लांब, चकचकीत, पाण्याची वाट.

टिबू निघाली. आता फतक नाही, धप्प नाही. सुळ्ळकन गेली. म्हशीला तिनं जाता जाता सांगितलं, बाई, तू इथंच थांब, पुढं माझं घर आहे. म्हैस थांबली. नाकापर्यंत पाण्यात बसून राहिली.

सूर्य आला सिंदीच्या पायाशी. अजून गेला नव्हता. थोडासा होता, लालसर.

टिबू घरट्यापाशी आली. आणि थांबली.

घरट्याच्या शेजारी काकू बसल्या होत्या. पाणकोंबडी काकू. अंगावरचं एक पीस वाकडं झालं होतं. एका पायाला चिखल. एका पायानं लव्हाळं आणि दुसऱ्या पायाच्या लांब बोटांनी घरट्याची कड त्यांनी धरून ठेवली होती.

काकूंचे पाय जलपर्णीवर चालतात. घरटं वाऱ्यानं निघालं, तेव्हाच त्या मागोमाग आल्या होत्या. कावळा दोनदा आला होता. दोनदा काकू त्याच्या अंगावर धावून गेल्या. कुर्रक. कुर्रक. अंडी टाकून टिबूला सांगायला जाता येईना, म्हणून तिथूनच बोलावत होत्या.

राखण त्यांनी केली. पण दुसऱ्याच्या अंड्यांना ऊब काही त्यांना देता येत नव्हती. ती टिबूचीच लागते.

टिबू घरट्यावर चढली. ओली पानं बाजूला केली. एक. दोन. तीन. तिन्ही होती. अजून ऊबदार होती. टिबूनं पोटाखाली घेतली. पिसं फुगवली. आणि बसली.

सूर्य गेला सिंदीमागं. गेला तर गेला.

टिबू म्हणाली,

“खेकड्यानं ओल दिली,
गांडुळानं माती पोखरली,
गवत ताठ झालं,
नाकतोडा उडाला,
बगळ्यानं गोचीड टिपले,
म्हैस पाण्यात आली,
जलपर्णी सरकली,
वाट मला मिळाली,
माझी तीन अंडी...”

ती थांबली. काकूंकडं पाहिलं.

“माझी तीन अंडी एकटी नव्हतीच.”

काकूंनी घरट्याची एक लांब काडी ओढली. शेजारी लव्हाळं होतं, पाय चिखलात रोवून. काडी त्याला एकदा गुंडाळली. टिबूनं बसल्या बसल्या दुसरी काडी दिली. काकूंनी तीही गुंडाळली. तिसरी टिबूनं स्वतः खोचली. लव्हाळं टोचलं थोडं. टिबूनं टोचू दिलं.

मग ती हळूच म्हणाली, “काकू, तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. म्हणून मग हाक मारायची लाज वाटली.”

तेवढ्यात टिबूच्या पोटाखाली काहीतरी वाजलं.

टिक.

दोघींनी कान दिला.

टिक टिक. मग आतून, अंड्याच्या आतून, एवढासा आवाज आला.

पीं. पीं. पीं.

काकूंनी मान वाकडी करून ऐकलं. मग टिबूच्या डोक्यावर अडकलेली जलपर्णीची मुळी आपल्या चोचीनं काढली आणि म्हणाल्या,

“ऐकलंस? अजून अंड्यातनं बाहेर आली नाही, तोच हाका मारतेय. शीक जरा लेकीकडून.”